शेवटची खात्री

सुभाष, तुझ्या निधनाची बातमी मीच लिहिली. तीन ओळी. पान छपाईला सोडण्याआधी दोन फोन केले, एक वंदनावहिनींना आणि एक रुग्णालयात. दोन्हीकडून तेच उत्तर आलं, मग पान सोडलं. तुझ्या बातम्या तपासणाऱ्या मला तू 'डेस्क'च म्हणायचास; असतास तर म्हणाला असतास, "काय डेस्क, माझ्या बाबतीतसुद्धा?" हो. तुझ्या बाबतीतसुद्धा.

वय, शिक्षण, कुठे किती वर्षं काम केलं, मागे कोण आहे, हे सगळं त्या तीन ओळींत आलं. ते इथे परत लिहीत नाही. मला लिहायचं आहे ते तुझ्या लॅपटॉपबद्दल. तू गेल्यापासून मी जवळजवळ त्यातच आहे, आणि थकलो आहे.

पण आधी फाटकाचं सांगतो, कारण ते तुला माहीत नाही.

तुला बदलापूर गावातल्या तुझ्या वडिलांच्या घरून नेलं. हेंद्रेपाड्याच्या फ्लॅटवरून नेऊ नका, असं तूच वहिनींना सांगून ठेवलं होतंस. विहारासमोर त्रिसरण-पंचशील झालं आणि आम्ही स्मशानाच्या, नदीकडच्या वाटेला लागलो. ज्या वाटेसाठी तू तीन वर्षं अर्ज करत होतास, तीच वाट. तीनशे पावलांवर नव्या कॉम्प्लेक्सची भिंत आडवी येते. भिंतीत लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. वस्तीतल्या दोघांनी सकाळीच जाऊन तासाभरासाठी कुलूप काढायचं ठरवून घेतलं होतं. मात्र मधल्या काळात वॉचमनची ड्युटी बदलली. नव्या वॉचमनने रजिस्टर पुढे केलं.

"एंट्री करना पड़ेगा साहब. नाम, कितना आदमी, किसके पास जाना है."

मागून कोणीतरी ओरडलं, "दिसत नाही का रे तुला काय आहे ते?"

"दिख रहा है भाई. लेकिन बिना एंट्री गेट खोला तो कल से मैं घर पे."

तो घाबरला होता आणि त्याचं काम करत होता. मी पुढे झालो, रजिस्टर घेतलं. नावाच्या रकान्यात तुझं नाव लिहिलं. माणसं, अंदाजे एकशे ऐंशी. कोणाकडे जायचं, इथे थांबलो आणि रेघ मारली. आत जाण्याची वेळ अकरा चाळीस. परतताना त्याने पुन्हा रजिस्टर पुढे केलं, तेव्हा बाहेर पडण्याची वेळही भरली, एक दहा. त्या पानावर तू एक वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडलेला दिसतोस. ती नोंद चुकीची आहे. पेन हातात असताना माझ्या ते लक्षात आलं नाही.

वहिनी फाटकापाशी थांबल्या. वॉचमन कुलूप परत लावत होता. त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "यांच्या वेळी तासाभरासाठी काढलं. माझ्या वेळी काढतील का?"

तुझ्या अर्जावरची सुनावणी त्या दिवसापासून पंधरा दिवसांवर होती. अर्जाच्या शेवटी तू लिहिलं होतंस, 'ही वाट पूर्वापार वापरात असल्याबद्दल सात वृद्ध रहिवाशांचे जबाब सुनावणीच्या वेळी सादर करू.' ते सात जबाब कुठे आहेत हे फक्त तुला माहीत होतं. सातांपैकी तिघं आता नाहीत. त्यांना परत विचारता येणार नव्हतं.

चौथ्या दिवशी मयुरीने मला घरी बोलावलं. तुझी मुलगी तुझ्यापेक्षा नीटनेटकी आहे. अंबरनाथच्या औषध कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे असेल. तिने टेबल मोकळं केलं होतं, लॅपटॉप चार्जिंगला लावला होता आणि शेजारी वही-पेन ठेवलं होतं.

"काका, अ‍ॅप ओपन होतं, पण सर्च नाही होत. खाली बघा."

पडद्याच्या तळाशी एक ओळ होती. इंडेक्सिंग, अकरा हजार चारशे दोनपैकी दोनशे सोळा.

"किती वेळ लागतो याला?"

"पप्पा सुबह चालू करून ठेवायचे. बोलायचे, याचं पण माझ्यासारखं झालंय, उठायला वेळ लागतो."

चहा झाला तेव्हा आकडा नऊशे चाळीसवर होता. जेवण झालं तेव्हा तीन हजार शंभर. ताटं आवरून आम्ही परत आलो तर बारा. बाराशे नाही, बारा.

"हे मागे कसं गेलं?"

"तेच तर विचारतेय मी."

तुझी कामाची पद्धत वाचकांना सांगायला हवी, नाहीतर यात अडचण काय ते कळणार नाही. तू खिशातल्या डायरीत लिहायचास. पान भरलं की मोबाइलने त्याचा फोटो काढून या टिपणांच्या अ‍ॅपमध्ये टाकायचास. एक पान, एक नोंद. तिथे एक जोडणी होती, प्लगइन, जी फोटोतलं तुझं अक्षर वाचून नोंदीखाली टाइप करायची, म्हणजे शब्द शोधता यायचा. नोंदीला शीर्षक म्हणून फक्त तारीख आणि वेळ. तो माझा नियम. 'नाव देऊ नकोस, तारीख दे. विषय बदलतात, तारीख बदलत नाही,' असं मी तुला आपल्या पेपरच्या कॅम्प दोनमधल्या ऑफिसात बसून ऐकवलं होतं. तू तो पाळलास. परिणाम असा की अकरा हजार चारशे दोन तारखा समोर होत्या आणि कुठल्या तारखेत वाट आहे ते शोध चालल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. मूळ डायऱ्या माळ्यावर दोन गोण्यांत होत्या. कव्हरं फाटलेली, क्रम नाही, आणि तू एकाच वेळी तीन डायऱ्या वापरायचास.

प्लगइनवरून आपलं कधीच पटलं नाही. तुझ्याकडे सत्तावीस होते. मी मोजले. एक नोंदींमधले धागे जोडून कोळ्याच्या जाळ्यासारखा नकाशा काढायचा, तो तू येईल त्याला दाखवायचास. एक कळ दाबली की जुन्या टाइपरायटरसारखा आवाज करायचा. एक शब्द मोजायचा आणि साडेतीनशे झाले की ओळ लाल करायचा, कारण साडेतीनशेनंतर मी कापतो. एक चंद्राची कला दाखवायचा. त्याचं बातमीदाराला काय काम, असं मी विचारलं तर म्हणालास, "डेस्क, दिवसातून एकदा तरी वर बघावं माणसाने." मी म्हणायचो, कागदाला इतके नोकर लागत नाहीत. तू म्हणायचास, कागदाला हाक मारली तर तो ओ देतो का? हा वाद पंधरा वर्षांत संपला नाही. आता तुझ्या बाजूने बोलणारं कोणी नाही, म्हणून तो मी जिंकलो असं होत नाही.

मयुरी म्हणाली, "सगळे बंद करून बघू आधी." बंद केले. अ‍ॅप वीस सेकंदांत उघडलं. इंडेक्सिंग लगेच पूर्ण. मात्र फोटोतलं काहीच सापडेना, कारण अक्षर वाचणाराही बंद होता. मला तेव्हा वाटलं की तोच दोषी. सगळ्यात जास्त काम तोच करतो. एकटा त्यालाच चालू केला. पन्नास मिनिटांत पहिली हजार पानं वाचून झाली, आकडा एकदाही मागे आला नाही. मग अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं, तर पुढच्या पानांवर गेला. वाचलेलं पुन्हा वाचलं नाही. तो निर्दोष होता. तो फक्त सावकाश काम करत होता.

मग अर्धे चालू, अर्धे बंद. मयुरीने वहीत रकाने आखले: वेळ, कोणते चालू, आकडा कुठे गेला, मागे आला का. प्रत्येक फेरीला तास-दीड तास. पहिल्या दिवशी तीन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, नेहमीप्रमाणे लाईट गेली, आणि तुझ्या लॅपटॉपची बॅटरी अकरा मिनिटं चालते हे आम्हाला कळलं. पाच तास आम्ही बंद पडद्यासमोर बसलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मयुरीने विचारलं, "काका, तुम्ही आणि पप्पा एवढं भांडायचात, तरी रोज फोन का करायचात?" मी सांगितलं, "बातमी असायची." ती म्हणाली, "रविवारी पण?" मी वही बघितली.

कामाच्या सातव्या दिवशी दुपारी सापडलं. दोषी एक नव्हता, जोडी होती. एक तो अक्षर वाचणारा. दुसरा अगदी लहान, नाव लक्षातही राहू नये असा. त्याचं काम एकच: अ‍ॅप उघडलं की, आणि नोंद बदलली की, तिच्या तळाशी 'शेवटची खात्री' असं लिहून पुढे त्या दिवसाची तारीख टाकायची. तारीख पडली की नोंद बदलली, असं अ‍ॅपला वाटायचं. नोंद बदलली म्हणून अक्षर वाचणारा तो फोटो पुन्हा वाचायला घ्यायचा. वाचून झालं की तो खाली मजकूर लिहायचा, म्हणजे नोंद पुन्हा बदलायची, मग लहानगा पुन्हा तारीख टाकायचा. दोघं एकमेकांना काम देत राहायचे. वेगवेगळे चालवले तर दोघंही साधे. एकत्र आले की दिवस खातात.

मयुरीने नमुना म्हणून एक नोंद छापून घेतली. कागद टेबलावर होता. वहिनी चहा ठेवायला आल्या, वाकून वाचलं आणि विचारलं, "हे आज यांनी केलं?"

खाली लिहिलं होतं, शेवटची खात्री, आणि पुढे त्याच दिवसाची तारीख. तुला जाऊन दहा दिवस झाले होते. त्या दहा दिवसांत आम्ही जितक्या वेळा अ‍ॅप उघडलं, तितक्या वेळा तू अकरा हजार चारशे दोन गोष्टींची खात्री केली होतीस.

ही तारखेची अट कोणाची होती, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

आपल्या ऑफिसच्या खाली चेन आणि बटणांचं दुकान आहे. दुकान दोन सिंधी भावांचं. थोरल्यांना सगळा बाजार दादा म्हणायचा. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्यांच्या घरात मृत्यू झाल्याचा निरोप आला. आपण दुसऱ्या दिवशी दादांच्या फोटोसह निधनवार्ता छापली. सकाळी साडेदहाला दादा जिना चढून वर आले. हातात अंक. दम लागला होता. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "साईं, छोटा गया है मेरा. मैं तो बैठा हूँ आपके सामने. अब लोग मुझे ही फोन करके पूछ रहे हैं, बॉडी कब निकलेगी."

भाऊ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या माणसाला तीन जिने चढून आपण जिवंत असल्याचं सांगायला यावं लागलं. बातमी तुझी होती. दादा खाली गेल्यावर मी तुला सगळ्यांसमोर उभं केलं. आवाज चढवला. "शेवटची खात्री कधी केली होतीस? तारीख दाखव. प्रत्येक टिपणाखाली ही तारीख पाहिजे मला यापुढे. नसेल तर टिपण माझ्यासाठी नाहीच." तू हसलास, "बरं, डेस्क," म्हणालास आणि विषय संपला.

पुढच्या आठवड्यापासून तुझ्या प्रत्येक टिपणाखाली तारीख येऊ लागली. रोजची, न चुकता. मी समाधानी होतो. इतरांना तुझं उदाहरण द्यायचो. सहा वर्षं मी यंत्राने टाकलेली तारीख वाचून पानं सोडली.

मयुरीने लहानगा बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, सगळी पानं एकदाच वाचून झाली. आकडा मागे आला नाही. तिने शोधाच्या चौकटीत 'वाट' टाइप केलं. सहाशेच्या वर नोंदी आल्या. 'नदीकडची वाट' केल्यावर चौतीस. त्यात सातही जबाब होते.

मग तिने विचारलं, आणि मला ते अपेक्षित होतं, "काका, खालची ती खोटी तारीख उडवू का सगळ्यांतून? एक क्लिकचं काम आहे. समोरचा वकील बघेल तर बोलेल, मेलेला माणूस खात्री कशी करतो."

"नाही. नोंदीत हात घालायचा नाही."

"मग हरलो आपण."

"हरलो तर हरलो."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "यांनी जबाब तरी खरे घेतलेत ना?"

मी हो म्हणालो नाही. मला माहीत नव्हतं. तुझ्या मित्राने हे लिहावं का, हा प्रश्न आहे, पण त्या क्षणी मला खरंच माहीत नव्हतं. सहा वर्षं तारीख खोटी पडत होती, तर आणखी काय काय यंत्रावर सोडलं होतंस, हे मी कशावरून ठरवणार? तेव्हा मी प्रथमच टाइप झालेला मजकूर सोडून फोटो मोठा करून बघितला. तुझ्या डायरीचं पान मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्याकडे कायम टाइप केलेली प्रत यायची.

पान तुळसाबाईंचं होतं. बदलापूर गावातल्या, शेतकरी कुटुंबातल्या, त्यांचं घर वाटेच्या तोंडाशीच आहे. मधल्या ओळी तुझ्या घाईच्या अक्षरात होत्या. 'ही आमच्या आळीची वाट. दगडापाशी फुटते. डावीकडे आमचं स्मशान, उजवीकडे वस्तीतल्यांचं. त्यांना आम्ही जाऊ द्यायचो.' यातल्या शेवटच्या वाक्यावर काट मारलेली होती आणि वर लिहिलं होतं, 'तेही जायचे.' पानाच्या तळाशी, वेगळ्या शाईत: 'वाचून दाखवलं. तुळसाबाईंनी एक दुरुस्ती सांगितली, ती केली. पुन्हा वाचून दाखवलं. मान्य.' तारीख, आणि निळा अंगठा. त्याखाली आणखी दोन तारखा, सहा-सहा महिन्यांच्या अंतराने, प्रत्येकीसमोर 'पुन्हा वाचलं, मान्य' आणि पुन्हा अंगठा.

मयुरीने बाकीची सहा पानं उघडली. प्रत्येकावर तेच. गेलेल्या तिघांपैकी एकाने थरथरत्या हाताने सही केली होती. तुझी खात्री त्या पानावर होती. अक्षर वाचणारा अंगठा वाचू शकत नव्हता, म्हणून ती टाइप होऊन माझ्यापर्यंत कधी पोचली नाही.

तरी मी गेलो. सवय. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाबाईंच्या ओट्यावर बसलो. त्यांना तू गेल्याचं माहीत होतं. तुला त्यांच्या दारावरूनच नेलं.

"तू त्याच्या पेपरातला काय?"

"हो."

"मंग तू पण वाचून दाखवनार? तो तीनदा आला. दर टायमाला तेच वाचायचा. मी त्याला बोलले, काय रं, मना काय परीक्षा द्यायचीय? तर बोलतो, आजी, परीक्षा माझी हाय."

मी विचारलं, ते एक वाक्य का काढायला लावलं?

"आमी कोन जाऊ देनार? वाट काय आमच्या बापाची व्हती? पयल्यांदा तोंडातून तसं गेलं. ऐकल्यावर मना कसंतरी झालं. बोलले, खोड ते."

ते वाक्य खोडल्याने काय झालं, ते मला सुनावणीत कळलं. समोरच्या, म्हणजे कॉम्प्लेक्सच्या, वकिलांचा सगळा युक्तिवाद एका मुद्द्यावर उभा होता, की वस्तीतली माणसं त्या वाटेने जात असतील, पण कोणाच्या तरी परवानगीने. परवानगी दिली तशी काढून घेता येते. 'जाऊ द्यायचो' हे वाक्य राहिलं असतं तर तिथेच संपलं असतं.

वकिलांनी खालची तारीखही दाखवलीच. "अर्जदार मयत झाल्यानंतर दहा दिवसांनी त्यांनी खात्री केल्याचं दिसतंय साहेब. यावरून या नोंदींची विश्वासार्हता लक्षात यावी." मागे कोणीतरी हसलं. मी उभा राहून जे होतं ते सांगितलं. ती तारीख यंत्राने टाकलेली आहे, माणसाने नाही. ती टाकायची सक्ती मी केली होती. ती कुठल्याही नोंदीत धरू नये. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, मग खात्री केव्हा केली? मी मूळ डायऱ्या पुढे ठेवल्या. मयुरीने दोन दिवस गोण्यांत बसून सातही पानं शोधून काढली होती. अधिकाऱ्यांनी पानं उलटली, अंगठे बघितले आणि तुळसाबाईंना आत बोलावलं. त्या रिक्षाने आल्या होत्या आणि सकाळपासून बाहेर बाकावर बसल्या होत्या.

"तुम्हाला हे वाचून दाखवलं होतं का?"

"तीनदा. कटकट आनलीन नुसती."

यावेळी सगळेच हसले, वकीलसुद्धा.

निकाल राखून ठेवला आहे. तोवर फाटकाला कुलूप लावायचं नाही, असा तोंडी नाही, लेखी आदेश आहे. रजिस्टर अजून आहे. तेवढंच झालं. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आहे असं मी लिहिणार नाही.

एक गोष्ट उरली. सुनावणीनंतर मयुरीने लॅपटॉप मला आठवडाभर वापरायला दिला. शोध आता एका क्षणात होतो. मी दादांच्या दुकानाचं नाव टाकलं. निधनवार्ता छापली त्याच्या आदल्या संध्याकाळचं पान आलं. तुझ्या अक्षरात: 'घरात एक गेला. थोरला की धाकटा, खात्री बाकी. डेस्कला फोनवर सांगितलं. डेस्क म्हणाला पान जातंय, थोरलेच आजारी होते, थोरलेच असणार, देतो.'

त्यावर तारीख होती. वेळ होती. सहा वीस.

हा फोन मला आठवत नव्हता, असं इथे लिहायचं माझ्या मनात होतं. आठवत होता. दुसऱ्या दिवशी साडेदहाला, दादा पाणी पीत होते तेव्हाही आठवत होता. म्हणूनच आवाज चढला. तू ते पान त्या दिवशी खिशातून काढून दाखवू शकला असतास. सहा वर्षांत कुठल्याही दिवशी दाखवू शकला असतास, आपण भांडत होतो तेव्हा तर नक्कीच. तू ते फक्त फोटो काढून ठेवून दिलंस, बाकी अकरा हजार पानांसारखं.

मी तुझी माफी मागितली नाही. तू होतास तेव्हा मागायची होती. आता मागणं सोपं आहे, म्हणून मागत नाही. फक्त नोंद करतो: दादांच्या निधनवार्तेची चूक डेस्कची होती. बातमीदाराची नव्हती.

हा मजकूर छापायला देण्याआधी काल हेंद्रेपाड्याला जाऊन वंदनावहिनींना वाचून दाखवला. पहिल्या शब्दापासून. तुझी पद्धत. मयुरी शेजारी बसली होती. फाटकाच्या जागी वहिनींनी डोळे मिटले, पण थांब म्हणाल्या नाहीत. संपल्यावर त्यांनी एक दुरुस्ती सांगितली.

"ते दुकानवाल्यांच्या दिवशी हे हसले, असं लिहिलंय ना तुम्ही. ऑफिसात हसले असतील. घरी आले ते शर्ट न बदलता बसले. जेवले नाहीत. मग लॅपटॉप घेतला. मी विचारलं, काय करताय, तर म्हणाले, डेस्कला तारीख पाहिजे. आता रोज मिळेल त्याला."

दुरुस्ती नोंदवली. वरचं वाक्य तसंच ठेवलं आहे. पुन्हा वाचून दाखवलं, मान्य. खाली वहिनींनी सही केली. तारीख मी हाताने घातली.